पंगतीतलं शेवटचं तोंड

विश्वजीत नवपुतेला सिनेमा कुणी शिकवला असं विचारलं की तो कडुबामामांचं नाव सांगतो. कडुबामामांनी आयुष्यात एकही सिनेमा केलेला नाही. गारखेड्यात सूतगिरणी चौकाजवळ त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. एक मोठा टीव्ही, दोन कॉम्प्युटर, आणि फोटोसाठी मागे लावायचा एक धबधबा. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचा खरा भाचा कोण हे मला अजून माहीत नाही.

मामांचा नियम एकच. लग्नात काहीही सुटलं तरी चालेल, पंगतीतलं तोंड सुटता कामा नये. लोक लग्नाचा व्हिडिओ नवरानवरीसाठी बघत नाहीत, आपण त्यात आहोत का हे बघायला बसतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पंगत बसली की कॅमेरा डावीकडून निघतो आणि एकेका तोंडावर थांबत उजवीकडे जातो. किती थांबायचं, त्याचंही माप ठरलेलं आहे. यजमान हात जोडून पाहुण्यांना म्हणतो ते वाक्य मनात म्हणायचं, सावकाश होऊ द्या. वाक्य संपलं की पुढचं तोंड.

विश्वजीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मामांकडे कॅमेरा धरायला लागला. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. मुकुंदवाडीत आमची घरं एकाच गल्लीत. मी मराठी घेतलं होतं, म्हणून व्हिडिओच्या सुरुवातीला येणारी नावं तपासायचं काम मामांनी मला दिलं होतं. माझं नाव सम्यक. विश्वजीत मला सम्या म्हणतो.

करमाडच्या एका लग्नात त्याने पंगत टिपताना वाढल्या जाणाऱ्या भाताची वाफ बघितली. मांडवाच्या फटीतून ऊन येत होतं आणि वाफ त्यात वर चढत होती. तो वाफेवर थांबला. तेवढ्यात नवरदेवाच्या आत्याचे यजमान सुटले. पंधरा दिवसांनी आत्याबाईंनी पेनड्राइव्ह परत पाठवला. सोबत निरोप होता की आमचे मालक काय उपाशी गेले होते का.

मामा विश्वजीतला घेऊन करमाडला गेले. अंगणात पुन्हा पंगत बसवली. पुन्हा वरणभात शिजवला, पुन्हा पत्रावळी मांडल्या, नऊ माणसं धुतलेले कपडे घालून ओळीने बसली. अडचण एवढीच की यजमान मधल्या काळात तिरुपतीला जाऊन आले होते. डोक्यावर एक केस नव्हता. मग त्यांना फेटा बांधला. त्या व्हिडिओत दोनशे माणसं बोडक्याने जेवतात आणि एकच माणूस फेटा बांधून जेवतो. आत्याबाईंचं समाधान झालं. विश्वजीत हा किस्सा पोट धरून हसत सांगायचा. पण त्यानंतर त्याच्याकडून एकही तोंड सुटलं नाही.

२०१७ साली तो पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. पहिल्या सत्रात एका विषयात नापास झाला, दुसऱ्या सत्रात तीन विषयांत. शनिवार-रविवारी तो तिथल्या गुजराती लग्नांत कॅमेरा धरायला जायचा आणि सोमवारी वर्गात झोपायचा. तिसऱ्या सत्रात कॉलेजने त्याचं नाव काढलं. व्हिसा कॉलेजच्या नावाला बांधलेला होता. नाव गेलं तसा व्हिसाही गेला. तो मात्र तिथेच राहिला.

कुणी त्याला फसवलं नव्हतं. हे तो स्वतःहून सांगायचा. एका हॉटेलच्या किचनमध्ये तो कांदा चिरायला लागला, मग तंदूरवर गेला, मग दुसऱ्या हॉटेलात. घरी फक्त वडिलांना, आप्पासाहेबांना, खरं माहीत होतं. ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते, आता निवृत्त आहेत, मुळात कमी बोलतात. आई द्वारकाबाई गल्लीत सांगायच्या की त्याला रजा मिळत नाय. आठ वर्षं रजा मिळत नव्हती. गल्लीने ते मान्य केलं होतं.

२०२३ च्या मे महिन्यात त्याच्या बहिणीचं, संस्कृतीचं, लग्न झालं. बीड बायपासवरच्या कार्यालयात मामांनी शूटिंग केलं आणि ते त्याच्यासाठी इंटरनेटवर लाइव्ह सोडलं. नवरदेवाचा कान पिळायला चुलतभाऊ उभा राहिला. विश्वजीत किचनच्या कोठीत तांदळाच्या पोत्यावर बसून फोनवर बघत होता. सगळ्यांनी आशीर्वादाचे, अभिनंदनाचे निरोप लिहिले. त्याने दिवसभरात एकच ओळ लिहिली. ‘मामा, तिसऱ्या पंगतीत डावीकडची दोघं सुटली.’ मामा मागे गेले आणि दोघांना घेऊन आले.

त्या लग्नातून त्याला सिनेमा सुचला. एक पंगत संस्कृतीच्या लग्नातली, मामांनी टिपलेली. दुसरी त्याच्या किचनमधली. हॉटेल संध्याकाळी उघडायच्या आधी, साडेतीनच्या सुमाराला, किचनची माणसं जेवून घेतात. दुधाचे प्लास्टिकचे कॅरेट उलटे टाकून ओळीने बसतात. पाच माणसं. एक नेपाळचा, एक पंजाबचा, दोघे भाऊ मेक्सिकोचे आणि हा. कुणाकडेच तिथे राहायचे कागद नव्हते.

त्याने भांड्यांच्या ट्रॉलीवर फोन बांधला. ट्रॉलीला सुतळी बांधली. सुतळीचं टोक डाव्या हातात घेऊन तो ओळीच्या शेवटी बसला आणि उजव्या हाताने जेवता जेवता ट्रॉली ओढत राहिला. फोन एकेका माणसासमोर सावकाश होऊ द्या म्हणण्याइतका थांबत यायचा. असं त्याने दोन महिने केलं. पण तोंडं कुणाचीच घेतली नाहीत. फोन छातीच्या खाली ठेवला. दिसायचे ते हात, ताटं, मांडीवरची फडकी, आणि ऐकू यायचं ते हसणं. ते लोक खूप हसायचे. मेक्सिकोच्या धाकट्या भावाला विश्वजीतने मराठीत दोन शिव्या शिकवल्या होत्या आणि तो त्या पंजाबच्या माणसाला देव पावल्यासारख्या श्रद्धेने द्यायचा.

सिनेमा एकोणीस मिनिटांचा झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने तो मला पाठवला. खाली येणाऱ्या मराठी ओळी मी लिहायच्या होत्या. सोमवारी त्याला सुट्टी असायची. आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजले की त्याचा फोन यायचा. त्याची तिथली सकाळ असायची, केस विस्कटलेले, हातात चहा. आम्ही ओळी ठरवायचो. शिव्यांचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

अर्धा सिनेमा मामांच्या शूटिंगचा होता, म्हणून त्यांना दाखवायला हवा असं मला वाटलं. मी विश्वजीतला विचारलं नाही. मेमधल्या एका दुपारी दुकानात गेलो आणि मोठ्या टीव्हीवर लावला. लग्नसराई चालू होती. मामा कामात होते, पण आपली पंगत दिसल्यावर खुर्ची वळवून बसले.

दहा मिनिटांनी द्वारकाबाई आल्या. संस्कृतीच्या मुलीचं बारसं झालं होतं, त्याचा पेनड्राइव्ह न्यायला. टीव्हीवर लग्न दिसलं तशा त्या स्टुलावर टेकल्या.

“हे आपलंच लगीन,” त्या म्हणाल्या. “ही बघा जालन्याची वन्सं. किती वाळली व्हती तव्हा.”

मी टीव्ही बंद करायला हवा होता. रिमोट मामांच्या हातात होता.

लग्नाची पंगत संपली आणि किचनची सुरू झाली. पहिले हात आले, मग दुसरे. मामा पुढे वाकले.

“ही कुणाची पंगत?” ते म्हणाले. “माणसं कुठंयत?”

मी म्हणालो की पुढे बघा. चौथे हात गेले, पाचवे आले. त्या हातांनी ताटातला भात कालवला, एक लहान घास केला आणि ताटाबाहेर, कॅरेटच्या कडेला ठेवला. मग जेवायला सुरुवात केली. आप्पासाहेब तसंच करतात. त्यांचे वडीलही करायचे म्हणे. पहिला घास ताटाबाहेर. तो कुणासाठी, हे त्या घरात कुणी विचारत नाही.

“हा विश्वा,” द्वारकाबाई म्हणाल्या. “कडुबाभाऊ, मागं घ्या.”

मामांनी मागे घेतलं. घास पुन्हा ताटाबाहेर गेला.

“डोकं का कापलं त्याचं?” द्वारकाबाईंनी मला विचारलं.

मी म्हणालो की सगळ्यांचंच कापलंय, मुद्दाम, काळजी म्हणून.

“काय चोरी केली का त्यानं?”

“नाही, काकू.”

“मग?”

मग मी सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. आठ वर्षांना चार वाक्यं पुरतात याचं मला तेव्हा नवल वाटलं, अजून वाटतं. मामांनी टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर हात जेवत राहिले. द्वारकाबाईंनी एकच विचारलं, त्याच्या बापाला म्हाईत हाय का. मी हो म्हणालो. त्यांनी पेनड्राइव्ह पदराला बांधला आणि निघून गेल्या.

पुढच्या सोमवारी सात वाजता त्या आमच्या घरी आल्या आणि माझ्या खुर्चीवर बसल्या. फोन आला तो त्यांनीच उचलला. विश्वजीतने आईला बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

“त्या पंगतीत शेवटी तूच व्हता ना?”

“व्हय.”

“मग मान खाली घालून जेवायला काय झालं?”

“मान खाली नाय, आई. कॅमेरा खाली हाय.”

“बघणाऱ्याला काय कळतंय त्यातलं.”

त्याने समजावून सांगितलं. त्याचं तोंड दिसलं की तो कुठल्या किचनमध्ये आहे ते सापडेल. किचन सापडलं की चौघं सापडतील. त्या वर्षी तिकडून विमानं भरभरून माणसं परत पाठवत होते. टीव्हीवर तेच चालू होतं, त्यामुळे तेवढं त्यांना कळलं. त्यांनी चौघं कुठले ते विचारलं. त्यांच्या आया आहेत का, ते विचारलं. आहेत म्हणाला. त्यांना माहीत आहे का, तेही विचारलं. भावांच्या आईला माहीत होतं, बाकी दोघींना नव्हतं.

“त्यांचं त्यांच्यापाशी,” त्या म्हणाल्या. “त्यांची तोंडं झाकली ते ठीक केलं. तुझं का कापलं? ते तर तुझंच व्हतं.”

मग त्यांनी जेवणाचं, सर्दीचं विचारलं, फोन माझ्या हातात दिला आणि घरी गेल्या.

मला वाटलं तो माझ्यावर चिडेल. तो चिडला नाही. त्याने कप पुन्हा उचलला.

“आपल्याकडच्या सिनेमात अमेरिकेतला पोरगा मोठ्या गाडीतून उतरतो आणि आल्या आल्या आईला मिठी मारतो,” तो म्हणाला. “इकडच्या सिनेमात आमच्यासारखा माणूस खिडकीत पाठमोरा बसतो आणि घोगऱ्या आवाजात रडतो. मला दोन्ही करायचं नव्हतं. म्हणून कॅमेरा खाली घेतला. तर ते पण तेच झालं, सम्या.”

मग त्याने मला एक तुकडा पाठवला, आठ-दहा सेकंदांचा. सिनेमात जिथे त्याचे हात जेवू लागतात आणि चित्र संपतं, त्याच्या पुढचा. ट्रॉली त्याच्यापाशी येऊन थांबली आहे. तेवढ्यात मेक्सिकोचा धाकटा भाऊ गंमत म्हणून फोन उचलतो आणि त्याच्या तोंडासमोर धरतो. विश्वजीतच्या गालात घास आहे. ओठाला शीत चिकटलं आहे. तो हसतो आणि हाताने फोन बाजूला सारतो.

म्हणजे त्याचं तोंड पहिल्यापासून तिथे होतं. त्यानेच ते कापलं होतं.

त्यानंतर तो या विषयावर बोलला नाही. ऑगस्टमध्ये तिकडच्या एका लहान गावातल्या चित्रपट महोत्सवाने सिनेमा निवडला. नोव्हेंबरमध्ये दाखवणार होते. पत्र चांगलं होतं. आम्ही तुमची अडचण समजू शकतो, दिग्दर्शकाचं नाव आम्ही गुप्त ठेवू, असं त्यात होतं. समितीतल्या एका बाईंनी दोन गोष्टी विचारल्या होत्या. ही माणसं इतकी हसतात कशी, असं प्रेक्षकांना वाटेल, तर थोडं हसणं कमी करता येईल का. आणि चेहरा अंधारात ठेवून, आवाज बदलून, दिग्दर्शकाचं छोटं मनोगत पाठवता येईल का.

हसणं त्याने कमी केलं नाही. मनोगत केलं. खिडकीकडे पाठ करून बसला, तोंडाच्या जागी काळा आकार, आवाज विहिरीतून आल्यासारखा. ते त्याने मला पाठवून विचारलं की कसं वाटतंय.

“तू ओळखूच येत नाहीस,” मी म्हणालो.

“मग चांगलंच झालं की.”

ते त्याने महोत्सवाला पाठवलं नाही. हे मला नंतर कळलं.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आठवडाभर आधी, त्याचा फोन आला. सोमवार नव्हता. उद्या दुपारी चिकलठाण्याला विमानतळावर येशील का, असं त्याने विचारलं. त्याला तिथलं काही शूटिंग हवं असेल असं मला वाटलं. काय टिपायचंय, मी विचारलं. मुंबईचं विमान उतरल्यावर माणसं बाहेर येतात ते टीप, फोन चार्ज करून आण, असं तो म्हणाला.

मी गेलो. फोन हातात धरून उभा राहिलो. दार सरकलं. सुटाबुटातला एक माणूस आला, दोन म्हाताऱ्या बायका आल्या, एका पुढाऱ्याला न्यायला आलेला एक घोळका मध्ये आला, आणि त्यांच्या मागून विश्वजीत आला. पाठीवर एक सॅक. अंगाने भरला होता, कानाजवळ केस पांढरे झाले होते. मी फोन सुरू केला होता की नाही मला आठवत नाही. नंतर बघितलं तर नव्हता केला. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि आठ वर्षांनी समोरासमोर पहिलं वाक्य बोलला.

“तोंड सुटलं, सम्या.”

रिक्षात त्याने सांगितलं. असल्या किचनमधली माणसं फार दिवस एका जागी राहत नाहीत. त्याने चौघांना विचारून ठेवलं होतं. पंजाबचा जूनमध्ये दुसऱ्या राज्यात गेला. भाऊ जुलैमध्ये गेले. नेपाळचा सप्टेंबरमध्ये गेला. पाचवा हाच उरला. आता त्याचं तोंड दिसलं तरी त्यातून कुणापर्यंत पोचता येत नव्हतं. फक्त तो स्वतः तिथे असता कामा नये. वकिलाने सांगितलं की एकदा बाहेर पडलास की पुन्हा आत यायचं दहा वर्षं तरी विसर. त्याने तिकीट काढलं. निघताना विमानतळावर त्याला कुणी काही विचारलं नाही. एका माणसाने पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं आणि पुढे जा म्हणून हात केला.

“दोन सेकंदांच्या तोंडासाठी आलास?” मी विचारलं.

“दोन सेकंद कमी नसतात,” तो म्हणाला. “करमाडचं बघितलं ना आपण.”

तो हसला. मला हसू आलं नाही. जालना रोडला सिग्नल लागला होता. मी त्याच्या सॅककडे बघत होतो. तीही अर्धी रिकामी होती.

द्वारकाबाईंना त्याने कळवलेलं नव्हतं. त्या दारात दिव्याच्या वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी त्याला बघितलं, वाती ताटलीत ठेवल्या, उठून आत गेल्या आणि पाणी घेऊन बाहेर आल्या. आप्पासाहेबांनी त्याच्या खांद्यावरची सॅक उतरवून घेतली. तिचं वजन हाताला लागलं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

गल्ली दोन दिवसांत विचारायला आली. रजा किती दिवसांची, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता. मला वाटलं द्वारकाबाई महिन्याची म्हणतील आणि पुढचं पुढे बघतील. त्यांनी पहिल्याच बाईला सांगितलं.

“रजा नाय. त्याच्यापाशी तिथले कागद नव्हते. आला परत.”

बाई पुढे काय विचारावं या विचारात उभी राहिली. द्वारकाबाईंनी तिच्या हातात चकलीची ताटली दिली. गल्लीत मग जे बोलायचं ते बोललं गेलं. चौकातली पोरं त्याला अमेरिका रिटर्न शूटिंगवाला म्हणायला लागली. जालन्याच्या वन्संनी फोन करून एवढं शिकून लग्नात कॅमेरेच धरायचे होते तर इथंच धरले असते, असं सुनावलं. हे विश्वजीतला पटलं. बरोबर बोलतेय आत्या, असं तो म्हणाला.

कापलेला तुकडा त्याने मामांच्या कॉम्प्युटरवर जोडला. नवीन काही टिपावं लागलं नाही. सिनेमा महोत्सवाला पुन्हा पाठवला आणि सोबत लिहिलं की नाव गुप्त ठेवायची गरज नाही.

तिकडे रात्री आठचा खेळ होता, म्हणजे आमच्याकडे सकाळी साडेसहा. तुळशीची लग्नं नुकतीच लागली होती. मामांनी दुकान लवकर उघडलं. धबधब्यासमोर चार खुर्च्या मांडल्या. द्वारकाबाई थर्मासमध्ये चहा घेऊन आल्या. आप्पासाहेब आले नाहीत, पण पहाटे उठून त्यांनी विश्वजीतचा शर्ट इस्त्री केला होता. तिकडे पडद्यावर सिनेमा लागला तसा आम्हीही टीव्हीवर लावला. त्यांच्या हॉलमधला फोन आम्हाला लोकांच्या पाठी आणि डोकी दाखवत होता.

लग्नाच्या पंगतीला ते लोक शांत होते. किचनच्या पंगतीला दुसऱ्या शिवीवर कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. हात आले, गेले. पाचवे हात आले. घास ताटाबाहेर गेला. फोन वर उचलला गेला आणि विश्वजीतचं तोंड आलं, गालात घास, ओठाला शीत. मी मनात म्हणालो, सावकाश होऊ द्या. वाक्य संपलं आणि तोंड गेलं. त्याने स्वतःला इतरांपेक्षा जास्त दिलं नव्हतं.

“माप बरोबर हाय,” मामा म्हणाले.

मग नाव आलं. विश्वजीत आप्पासाहेब नवपुते, मुकुंदवाडी. टाळ्यांचा आवाज फोनमधून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा यायचा. समितीतल्या त्या बाई फोनच्या पडद्यावर आल्या. त्या छान बोलल्या, हसण्याबद्दल काही विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, तुम्ही आज इथे हवे होतात, पुन्हा कधी याल.

विश्वजीतने सांगितलं की दहा वर्षांनी, येऊ दिलं तर.

“काय विचारत्यात?” द्वारकाबाईंनी मला हळूच विचारलं. मी सांगितलं. दहा वर्षांचं त्यांना माहीत नव्हतं. ते त्यांना मी त्या मिनिटाला सांगितलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो टीव्हीकडे बघत होता. आपण त्याला काय विचारलं होतं आणि त्याने त्याचं काय केलं, हे त्यांच्या लक्षात येत असावं. त्यांचा हात थर्मासच्या झाकणावर होता.

“मग तोवर लगीन तरी उरकून घेऊ,” त्या म्हणाल्या.

मामा मोठ्याने हसले. विश्वजीतही हसला. तिकडच्या हॉलमध्ये सगळ्यांना वाटलं काहीतरी चांगलं झालं असावं, तेही हसले. बाईंनी द्वारकाबाई काय म्हणाल्या ते विचारलं. विश्वजीतने सांगितलं नाही.

त्याच दिवशी दुपारी चिकलठाण्याला लग्न होतं. मामांचा गुडघा दुखतो, त्यामुळे पंगत विश्वजीतकडे होती. मीही गेलो. मला दुसरं काम नव्हतं. अमेरिका सोडून आलेल्या माणसाकडे बघून लोक पदर सावरत होते, टोप्या नीट करत होते. तो डावीकडून निघाला आणि उजवीकडे पोचला. सात पंगती झाल्या. एकही तोंड सुटलं नाही.

चार वाजता वऱ्हाड पांगलं. वाढपी जेवायला बसले. ते नेहमी शेवटी बसतात. त्यांची पंगत आजवर कुणी टिपलेली नाही. अकरा-बारा जण होते, काही पैठणकडचे, काही कुठून कुठून आलेले. विश्वजीत कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

“ही पंगत लग्नाची पार्टी व्हिडिओत ठेवणार नाय,” मामा लांबून म्हणाले.

“नाय ठेवायची तर काढतील,” तो म्हणाला.

वाढपी एकमेकांना कोपराने ढोसत सरळ बसले. एकाने मिशीवरून हात फिरवला. कॅमेरा पहिल्यावर थांबला, दुसऱ्यावर थांबला. सातवा एक पोरसवदा माणूस होता. कॅमेरा त्याच्याकडे वळला तसं त्याने खांद्यावरचं फडकं तोंडावर ओढलं आणि मान फिरवली. बाकीचे हसले. एकजण म्हणाला, अबे दिखा ना, हीरो. त्याने फडकं सोडलं नाही.

विश्वजीतने त्याला काही विचारलं नाही. त्याने कॅमेरा खाली घेतला, त्या माणसाच्या हातावर. हातात बुंदीचा घास होता. वाक्य पूर्ण होईपर्यंत तो तिथे थांबला. मग कॅमेरा वर घेतला आणि आठव्याकडे गेला.